गप्प बसायचा अभ्यास

३ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार. तू बरी असशीलच, आणि बरी नसलीस तरी कबूल करणार नाहीस, म्हणून तो प्रश्न सोडून देते. आम्ही सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त बाबा कुरकुरतात.

दीड वर्ष गायब होते आणि आज एकदम पत्र कसं, असं तुझ्या मनात येईल. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी माणूस किती बोलणार? म्हणून शेवटी कागद घेतला.

बातमी अशी की मी हॉस्पिटलात जायला लागले. पेशंट म्हणून नाही, स्पीच थेरपिस्ट म्हणून. म्हणजे अजून अर्धीमुर्धीच. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दहा आठवड्यांचं पोस्टिंग असतं. खरेखुरे पेशंट, खऱ्या फायली, आणि पांढरा कोट. कोटावर ‘विद्यार्थी’ असा बिल्ला आहे, तो मी केसांखाली येईल असा लावते. आमची खोली एक्स-रेच्या पुढे, बोळाच्या अगदी टोकाला. तिच्यात एक टेबल, तीन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि खेळण्यांची टोपली. एका भिंतीला काच आहे. आतून ती काळी दिसते आणि पलीकडून आमच्या मॅडमना सगळं दिसतं. मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, आणि पावलांचा आवाज न करणाऱ्या. त्या काचेमागे आहेत की चहाला गेल्यात हे कधीच कळत नाही, त्यामुळे आम्ही सदैव ताठ बसलेले असतो.

आत्या, मला इतकं आवडतंय की सकाळी गजराच्या आधी जाग येते. हे वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असणार.

एक चार वर्षांचा पठ्ठ्या येतो. त्याला ‘क’ येत नाही, सगळीकडे ‘त’. कावळ्याला तावळा, कपाला तप. आठवडाभर आरशासमोर बसून मी जीभ दाबली, घसा दाखवला, माकडचाळे केले, काही नाही. मग पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि गुळणी करता करता, पाणी नाकातोंडातून उडवत, त्याच्या घशातून चक्क ‘क’ निघाला. तो स्वतःच दचकला. बाहेर जाऊन वडिलांना ठणठणीत आवाजात ‘काका’ म्हणाला. वडिलांना हसावं की रागवावं कळेना.

दुसरे एक वकीलसाहेब आहेत. मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि सगळे शब्द इकडचे तिकडे झाले. पेन दाखवलं तर ‘खुर्ची’, चावी दाखवली तर ‘खुर्ची’. चुकतंय हे त्यांना कळतं, म्हणून कपाळावर हात मारून घेतात. परवा मी मुद्दाम खुर्चीवरच बोट ठेवलं. म्हटलं, आता तरी बरोबर येईल. तर म्हणाले, ‘टेबल.’ मग आम्ही दोघंही इतके हसलो की मॅडमनी काचेवर टकटक केलं.

तिसरे एक ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आहेत. त्यांचं ठीक चाललंय.

बाकी विशेष नाही. मेसचं जेवण जेवण्यासारखं आहे, आणि शेजारच्या खोलीतली मुलगी झोपेत इंग्रजीत भांडते. तू मैदानावर जातेस का अजून, सकाळी? जात जा.

तुझी,
अर्धी डॉक्टर भाची


३१ ऑगस्ट, रविवार

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्दांचं: ‘मास्तरांना काय झालंय?’

मी पानभर लिहिलं होतं, पोराचं, वकिलांचं, मेसचं. आणि तू नेमकं तेच विचारलंस जे मी एका ओळीत उरकलं होतं. शाळेत पोरं तुला इतकी का वचकून असायची ते आज कळलं.

सांगते. पण आधी चांगलं सांगू दे, मग जमेल. वकीलसाहेब आता दहातले सहा शब्द बरोबर सांगतात. चार वर्षांचे साहेब ‘क’ च्या इतके प्रेमात आहेत की आता ‘त’ ला पण ‘क’ म्हणतात. तो प्रश्न पुढच्या महिन्याचा.

आता मास्तर. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्यावरच्या छिद्रातून. नंतर रेडिएशन. तुझ्यासारखी लिहायची पाटी नाही, पण त्यांच्या खिशात छोटी वही असते.

तुझ्यासारखंच. अगदी तुझ्यासारखंच सगळं.

मॅडमनी पहिल्या दिवशी फाईल हातात दिली तेव्हा मला वाटलं, देवच पावला. इतकी घाई झाली मला. जे कुठे चुकलं होतं ते इथे दुरुस्त करता येईल, असं काहीतरी डोक्यात होतं. सगळं वाचून काढलं. आवाज काढून देणारं ते हातातलं मशीन गळ्याला कुठे टेकवायचं, बटण कधी दाबायचं, ओठ कसे मोठे हलवायचे. तक्ते केले, रंगीत. मास्तर आले, बरोबर काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस. मी मशीन त्यांच्या गळ्याला लावलं, बटण दाबलं, आणि तो आवाज आला. तो घर्रर्र.

आणि मी बोलायला लागले. छान, छान, असंच, आता मी सांगते, हे असं धरायचं बरं का. त्यांनी ओठ हलवले की मी त्यांचं वाक्य पुरं करायची. मी थांबले की काकू पुरं करायच्या: ‘त्यांना म्हणायचंय की...’ दर आठवड्याला दोनदा, असे चार आठवडे. त्यांच्या मानेची कातडी रेडिएशननं टणक झालीय, तिथून आवाज आत जातच नाही, नुसती मशीनची घरघर ऐकू येते. ते मला दिसत होतं. पण नवी जागा शोधायची तर मशीन चालू ठेवायला हवं, आणि मी पटकन बंद करायची.

शुक्रवारी अर्ध्या पोस्टिंगचं मूल्यमापन झालं. मॅडमनी घड्याळ लावून मोजलं होतं. चाळीस मिनिटांत मी एकतीस मिनिटं बोलले, काकू सात, आणि मास्तर एक मिनिटसुद्धा नाही.

मॅडम आवाज चढवत नाहीत, त्याचाच त्रास होतो. म्हणाल्या, ‘राहिलेल्या दिवसांत तो माणूस बोलला नाही तर नाही बोलला. ते नेहमी आपल्या हातात नसतं. पण तू गप्प बसली नाहीस, तर मी तुला पास करणार नाही.’

मी म्हटलं, मॅडम, मी त्यांना धीर देत होते.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मशीनचा आवाज आला की तू बोलायला लागतेस. बाकीच्या पेशंटांपुढे तशी वागत नाहीस. का?’

मला उत्तर माहीत होतं, पण त्यांना दिलं नाही. तुला देते, कारण ते तुझंच आहे.

तीन वर्षांपूर्वी तू हॉस्पिटलातून आमच्याकडे आलीस. सगळे बैठकीत होते. तू पिशवीतून मशीन काढलंस, गळ्याला लावलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘अभ्यास कर.’ सगळ्यात आधी माझ्याशी बोललीस. आणि मी हसले. खोकला आल्याचं सोंग केलं, ओढणी तोंडाला लावली, पण हसले ते हसलेच. तू मशीन बंद केलंस, डबीत ठेवलंस, डबी कपाटात. त्यानंतर तू बोलली नाहीस. एकदासुद्धा नाही. जिला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारायला शिट्टी लागत नव्हती, ती खिशात पाटी घेऊन फिरायला लागली.

आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आत्याला ते यंत्र आवडलेलं दिसत नाही. आणि मग मी येणंच बंद केलं. परीक्षा आहे, प्रोजेक्ट आहे. तुला काय वाटलं असेल, हा विचार आला की मी दुसरं काहीतरी काढून बसायची. हा विषय मी का निवडला असं सगळे विचारतात. मी सांगते, माझ्या आत्यामुळे. लोकांना ते फार हृद्य वाटतं.

मॅडमनी एक काम दिलंय. एक अख्खा दिवस मी स्वतः ते मशीन लावून बोलायचं. दुकानात, बसमध्ये, सगळीकडे. उद्याच करणार आहे. भीती वाटतेय, पण खोटं कशाला सांगू, उत्सुकताही तेवढीच आहे.

उत्तर नाही दिलंस तरी समजेन.

तुझी,
हसलेली


२१ सप्टेंबर, रविवार

प्रिय आत्या,

तुझं पत्र सात वेळा वाचलं. आठव्यांदा आईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती फोन तसाच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

तू लिहिलंस: ‘हसलीस ते मी पाहिलं. मीसुद्धा हसलेच असते. हॉस्पिटलात आरशासमोर पहिल्यांदा लावलं तेव्हा हसलेच होते. मशीन कपाटात टाकलं ते तुझ्यामुळे नाही. तुझा बाप उठून गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहून रडला. माझ्या धाकट्या भावाला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. म्हटलं, याला रडवणारा आवाज घरात नको.’

आत्या, मला बाबा आठवतच नव्हते. त्या खोलीत मी फक्त मलाच बघत होते. तीन वर्षं मी मलाच गुन्हेगार धरलं, आणि त्यातही एक ऐट होती. बाबांना विचारलं मी फोनवर. ते म्हणाले, ‘तिचा आवाज गेला याचं नव्हतं गं रडू. ती बोलली, याचं होतं.’ हे त्यांनी तुला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, ‘तिनं विचारलं कुठे?’ तुम्हा भावंडांपुढे हात टेकले.

आता माझं ऐक, कारण सांगायचं इतकं आहे की कुठून सुरू करू समजत नाही.

मशीनचा दिवस. सकाळी बसमध्ये चढले आणि स्टॉपचं नाव सांगितलं. श्वास धरायचा, स्वतःचा आवाज अजिबात नाही, नुसते ओठ आणि मशीन. कंडक्टर मोठमोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू मी बहिरी. बसमधली माणसं खिडकीबाहेर बघायला लागली, बाहेर काहीही नव्हतं. दुपारी स्टेशनरीच्या दुकानात गेले. ‘दोन पेनं द्या, निळी.’ दुकानदारानं तीनदा विचारलं. चौथ्यांदा माझ्या मागे कुणीतरी फिसकन हसलं. वळून पाहिलं तर कॉलेजातली मुलगी, दप्तर तोंडासमोर धरलेली, कानापर्यंत लाल. मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिला माझी भीती वाटत होती, एवढंच. मी तिच्याकडे बघून मशीनवर म्हटलं, ‘असू दे.’ ती म्हणाली, ‘सॉरी, मावशी.’ मावशी म्हटलं त्याचा मात्र राग आला.

त्यानंतर तो आवाज माझ्या अंगावर आला नाही. संध्याकाळपर्यंत तर मला तो आवडायला लागला होता.

मग मंगळवारी मास्तर आले. मी मशीन चालू करून त्यांच्या हातात दिलं आणि खुर्चीच्या काठाला घट्ट धरून गप्प बसले. काकूंनी तोंड उघडलं, तर मी हात जोडले. गप्प बसणं काय असतं ते मला माहीतच नव्हतं गं. जीभ दातांत धरून बसावं लागलं. चार मिनिटं झाली. मास्तर गळ्यावर इथे टेकवतायत, तिथे टेकवतायत, नुसती घरघर. मला येत होतं सांगायला. नाही बोलले. शेवटी ते वैतागले, आणि वैतागून मशीन गालावर आपटल्यासारखं धरलं, दाढदुखीवर शेक घेतात ना तसं.

आणि आवाज लख्ख आत गेला. ‘आ.’ स्वच्छ.

तिघंही जागच्या जागी थिजलो. काकू भानावर येऊन म्हणाल्या, ‘त्यांना म्हणायचंय की...’

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, गालावर मशीन तसंच दाबलं आणि म्हणाले, ‘तांब. मी सांगतो.’

थांब म्हणायचं होतं. ‘ह’ चा वारा फुफ्फुसातून यावा लागतो, तो त्यांच्याकडे आता नाही, म्हणून ‘थ’ चा ‘त’ होतो. काय फरक पडतो? काकूंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतायत, म्हणून मी टिश्यूचा डबा पुढे केला. तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, ‘पाच महिन्यांनी दटावलं मला. मला वाटलं होतं, आता कोणी दटावणारच नाही.’ आणि मग रडल्या.

काचेमागे मॅडम होत्या की नाही, मी विचारलं नाही.

आता तुझ्यासाठी. तुझ्या मानेलाही रेडिएशन झालंय. त्या दिवशी तुझा आवाज घोगरा आणि पुसट आला होता तो मशीनचा स्वभाव नव्हता, जागा चुकली होती. कुणी तुला गाल दाखवलाच नाही. पत्राबरोबर एक कागद जोडलाय, त्यात सगळं सविस्तर लिहिलंय. थोडक्यात: मशीनची चकती गालावर सपाट टेकव, फट नको. ओठ मोठे हलव. श्वासाला जोर देऊ नको, छिद्रातून फुस्सफुस्स होतं. बोलणं संपलं की बटण सोड. आधी छोटे शब्द घे, ज्यांत ओठ मिटतात असे: बाबा, मामा, पोपट. कपाटातलं मशीन चार्ज होतंय का बघ. नसेल होत तर बॅटरी बदलून मिळते. तुमच्या हॉस्पिटलातल्या थेरपिस्टला हा कागद दाखव आणि सांग की एका अर्ध्या थेरपिस्टनं लिहिलाय, चुकलं असेल तर तुम्ही सुधारा.

करच, असं मी म्हणत नाही. तुझा गाल, तुझं मशीन. तुला ते माहीत असावं, एवढंच मला हवं होतं.

तुझी,
जिनं चार मिनिटं तोंड बंद ठेवलं, ती


१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय आत्या,

पोस्टिंग संपलं. पास झाले. मॅडमनी शेऱ्यात लिहिलंय: ‘ऐकू लागली आहे.’ एवढंच. मी त्या शेऱ्याचा फोटो काढून ठेवलाय.

शेवटच्या आठवड्यात काय झालं ते ऐक. पेशंटला खोलीत बोलता येणं वेगळं आणि बाहेर बोलता येणं वेगळं, म्हणून शेवटी खऱ्या जागी सराव घेतात. मास्तरांची खरी जागा कुठली? त्यांची गाडी. आणि शिकणारं गिऱ्हाईक कोण? मी. मला गाडी येत नाही हे मॅडमना कुठून कळलं कोण जाणे.

मी स्टिअरिंगवर, शेजारी मास्तर, गालाला मशीन, पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. मागे मॅडम, वही घेऊन. काकू फाटकात उभ्या. मी गाडी काढली. मास्तर म्हणाले, ‘अळू.’ मी म्हटलं, काय? ‘अळू, अळू.’ आता रस्त्यात भाजी कुठून आणू? मागून मॅडम म्हणाल्या, ‘हळू म्हणतायत.’ तोपर्यंत आम्ही कचऱ्याच्या डब्यापाशी पोचलो होतो. मग त्यांनी गाडी थांबवली, थोडा विचार केला, आणि म्हणाले, ‘अळू नको. सावकाश.’ स्वतःच दुसरा शब्द शोधला. मॅडमनी वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण मी पहिल्यांदाच त्यांना गालात हसताना पाहिलं. आरशात.

आता पुढच्या सोमवारपासून ते दोन शिकाऊंना घेणार आहेत. काकू घाबरल्यात, मास्तर नाहीत.

हे सगळं तुला काल फोनवर सांगायचं होतं.

काल दुपारी फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. वाटलं, चुकून लागला असेल. उचलला. आधी नुसती घरघर. मग थांबली. परत घरघर. मी चिमटे हातात धरून भिंतीला टेकले. मनात आलं, म्हणावं आत्या, आत्या, बोल, जमतंय, छान. एक अक्षर बोलले नाही. शेजारच्या खोलीतली बाहेर आली, तिला हातानं गप्प केलं.

आणि तू म्हणालीस, ‘तुजं अक्षर बयंकर आए.’

आत्या, तीन वर्षांनी तू पहिलं वाक्य बोललीस आणि ते माझ्या अक्षराबद्दल होतं. सगळं कळलं मला. प्रत्येक शब्द. मग तू म्हणालीस, ‘बाबाला दे.’ मी म्हटलं, ते इथे नाहीत गं, मी हॉस्टेलवर आहे. तू म्हणालीस, ‘मग टेवते. तिकडे लावते.’ आणि ठेवलास. मला एक शब्दसुद्धा बोलू दिला नाहीस.

रात्री आईचा मेसेज आला. बाबा पाऊण तास फोन कानाला लावून गॅलरीत बसले होते. तिनं लिहिलं होतं, मी जेवायला बोलवायला गेले तर त्यांनी हातानं ‘थांब’ केलं.

बाकी मजेत. अक्षर सुधारणार नाही. तू फोन कर, कधीही कर. शब्द सापडेना तर शोध, मशीन घसरलं तर पुन्हा लाव. मला वेळ आहे.

तुझी भाची